ब्यूफर्टला गेलात तर आधी सेंट हेलेना बेटावर जा

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमधल्या आपल्या मंडळींचं ठरलेलं असतं, समुद्र हवा असला की मर्टल बीच, जुनं काही बघायचं असलं की चार्ल्सटन नाहीतर सव्हाना, आणि या दोन शहरांच्या मधे खाडीकाठी वसलेलं साउथ कॅरोलायनातलं ब्यूफर्ट मात्र बहुतेकांचं राहूनच जातं. मी तर म्हणेन साउथमधलं एकच गाव बघण्याइतका वेळ असेल तर हेच बघा. घरं देखणी आहेत, बीच आहे, पक्षी आहेत, ते सगळं खाली सांगतेच, पण अमेरिकेतले गुलाम मोकळे झाले म्हणजे नक्की काय झालं, सकाळी उठून त्यांनी काय केलं, कुठे राहिले, काय पिकवलं, शाळेत कधी गेले, हे जिथे देशात अगदी सुरुवातीला घडलं ती जागा इथे आहे आणि त्या माणसांची पणतवंडं अजून तिथे राहतायत.

मे महिन्यात आई भारतातून आली होती म्हणून मेमोरियल डेच्या गर्दीच्या आधीच आम्ही सगळे गेलो, मी, नवरा, लेक आणि आई. आई मालवणची, समुद्राशिवाय तिला करमत नाही. शार्लटहून गाडीने साधारण चार तास लागतात, आय-७७ ने कोलंबिया, मग आय-२६, आय-९५ आणि शेवटी यूएस २१. हा २१ नंबरचा रस्ता आपल्या शार्लटमधूनच जातो आणि खाली ब्यूफर्टमधून, लेडीज आयलंड आणि सेंट हेलेना ओलांडून हंटिंग आयलंडला समुद्रापाशी संपतो, मला हे जाईपर्यंत माहीतच नव्हतं, इतकी वर्षं त्याच रस्त्यावरून भाजी आणायला जातेय!

आय-९५ सोडला की हवाच बदलते. दोन्ही बाजूंना लाइव्ह ओकची झाडं, फांद्या आडव्या पसरलेल्या आणि त्यांवरून करड्या रंगाचं स्पॅनिश मॉस लोंबतंय. हे मॉस शेवाळ नाहीये बरं का, आणि स्पेनचंही नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, झाडावर नुसती टेकते, हवेतलं पाणी पिते, झाडाचं काही खात नाही. मग एकदम झाडी संपते आणि खाडी उघडते, जिकडेतिकडे हिरवं उंच गवत आणि त्यातून वळणं घेत गेलेलं पाणी.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, इथे यायचं तर भरती-ओहोटीचं टाइमटेबल फोनवर घेऊन या. इथली भरती सहा ते आठ फुटांची असते, कारण नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतचा किनारा आत वाकलेला आहे आणि त्या खोबणीत पाणी दाटून वर चढतं. सकाळी बघितलेली खाडी दुपारी ओळखू येत नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्याला हे लोक प्लफ मड म्हणतात, सडक्या अंड्याचा वास मारतो, गवत कुजताना चिखलातले जिवाणू तो गॅस सोडतात म्हणून. नवऱ्याने गाडीची काच वर केली आणि आईने खाली केली! त्या चिखलात कालवांचे थरच्या थर उघडे पडलेले होते, आई काचेबाहेर डोकं काढून बघत होती.

"सुकती लागलीय बघ. अगं, कोयती असती ना, तर तासाभरात टोपली भरली असती."

"आई, इथे लायसन्स लागतं कालवं काढायला."

"कालवांना?" असं म्हणून ती गप्प बसली ती पूल संपेपर्यंत.

आता मुद्द्याचं. गावात हॉटेलवर सामान टाकून बहुतेक लोक बे स्ट्रीटवर जातात, घोडागाडीतून जुनी घरं बघतात आणि मग वेळ उरला तर बाकीचं. तुम्ही उलटं करा. आधी पूल ओलांडून सेंट हेलेना बेटावर पेन सेंटरला, म्हणजे मुक्त झालेल्या लोकांसाठी निघालेल्या जुन्या शाळेच्या आवारात जा, कारण तिथे गेल्यावर ती घरं कोणाच्या कष्टांवर उभी राहिली ते कळतं आणि मग गावात फिरताना डोळे वेगळं बघतात.

थोडक्यात इतिहास असा की ही सगळी बेटं म्हणजे सी आयलंड कापसाची, लांब धाग्याचा, जगातला महागातला महाग कापूस. मळेवाले ब्यूफर्टमधे बंगले बांधून राहायचे आणि बेटांवर राबणारे गुलाम करून ठेवलेले आफ्रिकन लोक. सिव्हिल वॉर, म्हणजे अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधलं युद्ध सुरू झालं आणि ७ नोव्हेंबर १८६१ ला उत्तरेच्या नौदलाने पोर्ट रॉयल साउंडच्या तोंडावरच्या दोन किल्ल्यांवर तोफा डागल्या. काही तासांत किल्ले पडले आणि गोरे मळेवाले घरदार, कापूस, सामानसुमान टाकून पळाले. मागे उरली सुमारे दहा हजार माणसं. मालक पळालेले, सैन्य उत्तरेचं, पण कागदोपत्री ती अजून स्वतंत्र नव्हती, युद्धात हाती लागलेला माल अशी त्यांची नोंद व्हायची. लिंकनची मुक्तीची घोषणा यायला अजून वर्षभर होतं, युद्ध संपायला त्याहून किती तरी जास्त. तेवढ्या काळात या बेटांवर उत्तरेतून शिक्षक आले, डॉक्टर आले, मजुरीवर कापूस पिकवणं सुरू झालं, शाळा निघाल्या. पुढे अख्ख्या साउथचं काय करायचं याचा पहिला धडा इथे गिरवला गेला, त्याला पोर्ट रॉयल एक्सपेरिमेंट म्हणतात.

त्यातलीच एक पेन स्कूल, १८६२ मधली. फिलाडेल्फियाहून आलेली लॉरा टाउन आणि तिची मैत्रीण एलेन मरी यांनी सुरू केली, आणि त्याच वर्षी शार्लट फोर्टेन ही कृष्णवर्णीय शिक्षिका त्यांना येऊन मिळाली. साउथ कॅरोलायनात गुलामाला लिहायला शिकवणं १७४० पासून कायद्याने गुन्हा होता, हे लक्षात घेतलं तर पहिल्या दिवशी त्या खोलीत बसलेल्या मोठ्या माणसांना काय वाटलं असेल याचा विचार करून बघा. लॉरा टाउन आली ती परत गेलीच नाही, १९०१ मधे या बेटावरच वारली.

मला तिथे सारखी सावित्रीबाईंची आठवण येत होती, आणि ती उगीच ओढूनताणून आणलेली नाही. १८४८ ला पुण्यात फुल्यांची शाळा निघाली, आणि १८७३ मधे जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापलं ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनीही गिरवावा अशी आशा त्यात बोलून दाखवली. म्हणजे जोतीराव पुण्यात बसून ज्या घटनेकडे बघत होते ती घटना घडली त्या मातीवर मी, मराठी शाळेत शिकलेली बाई, उभी होते. मी लेकीला हे सगळं तिथल्या ओकखाली उभं राहून सांगितलं, तिला पुण्यातली शाळा आधी का ही आधी यातच जास्त इंटरेस्ट होता, पण ऐकलं तिने शेवटपर्यंत.

पेन सेंटर म्हणजे एकच इमारत नाही, ओकच्या सावलीत पसरलेला कॅम्पसच आहे. शाळा १९४८ मधे बंद झाली पण जागा चालू राहिली. १९६० च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग इथे सहकाऱ्यांबरोबर बैठकांना यायचे, कारण काळे आणि गोरे एका छपराखाली राहू शकतील, एका टेबलावर जेवू शकतील अशा जागा तेव्हा साउथमधे बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ते राहायचे ते गँट कॉटेज अजून आहे, छोटंसं पांढरं घर. रस्त्याच्या पलीकडे ब्रिक बॅप्टिस्ट चर्च आहे, १८५५ चं. गुलामांनी विटा रचून बांधलं मालकांसाठी आणि त्यांना स्वतःला मात्र वर माडीवर बसायला लागायचं. १८६१ ला मालक पळाले आणि माणसं माडीवरून खाली आली. पेन स्कूलचे वर्गही सुरुवातीला या चर्चमधे भरत होते.

म्युझियम छोटं आहे, तासाभरात होतं, तिकीटही फार नाही. तिथे आई एका टोपलीपुढे अडकली ती हलेचना. खाडीतल्या जाड गवताची वेटोळी एकावर एक ठेवून पाल्मेटो पामच्या पानाच्या बारीक पट्टीने शिवलेली, पसरट, उथळ, कडा जेमतेम दोन-तीन बोटं उंच, मधोमध गवत वापरून वापरून काळपट गुळगुळीत झालेलं. कार्ड वाचायच्या आधीच आई म्हणाली, "हे पाखडायचं आहे. भात पाखडायचं." बरोबर होतं! या टोपल्या भात पाखडायच्याच. पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या भागातून, आजच्या सिएरा लिओनच्या आसपासच्या मुलखातून लोकांना पकडून आणलं ते त्यांना भातशेती येत होती म्हणूनही, आणि कॅरोलायनाचा भात त्यांच्या त्या ज्ञानावर पिकला. जमीन, नाव, मुलंबाळं सगळं हिरावलं पण टोपली विणायची रीत हातात राहिली, बेटावर पुरुष या टोपल्या करायचे आणि पेन स्कूलमधे तो विषयच होता. जाळी विणणंही शिकवायचे. बेटावरच्या या लोकांना गल्ला म्हणतात, त्यांची स्वतःची बोली आहे, इंग्रजी शब्द आणि आफ्रिकन भाषांचा हेल, स्वयंपाक आहे, गाणी आहेत. पूल नव्हते तोपर्यंत बेटं एकटी पडलेली होती म्हणून हे सगळं टिकलं.

टिकलं ते आणखी एका कारणाने, जमिनीमुळे, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. युद्ध चालू असतानाच कर न भरलेले मळे सरकारने लिलावात काढले आणि त्यातल्या काही जमिनी मुक्त झालेल्या लोकांनी, पैसे साठवून, एकत्र येऊन, दहा-दहा एकर अशा विकत घेतल्या. बाकी साउथमधे त्यांना असं काही मिळालं नाही, इथे मिळालं. पण बहुतेकांनी मृत्युपत्रं केली नाहीत, वकील परवडत नव्हते आणि कोर्टावर विश्वास नव्हता, त्यामुळे जमीन पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या वारसांच्या सामाईक मालकीची राहिली, त्याला हेअर्स प्रॉपर्टी म्हणतात. आईला हे एका वाक्यात कळलं, "म्हणजे आपल्या आजोळच्या सातबाऱ्यासारखं, वीस नावं आणि सही करायला कोणीच नाही." अगदी तेच. आणि धोकाही तोच, अटलांटातल्या नाहीतर न्यूयॉर्कमधल्या एखाद्या दूरच्या चुलतभावाचा हिस्सा बिल्डर घेतो, मग कोर्टात जाऊन वाटणी मागतो, वाटणी होत नाही म्हणून अख्खी जमीन लिलावात निघते आणि तोच बिल्डर ती घेतो. शेजारच्या हिल्टन हेड बेटावर १९५६ ला पूल झाला आणि त्यानंतर रिसॉर्ट, गोल्फ कोर्स, गेटेड कम्युनिटीज आल्या, गल्ला लोकांच्या हातात तिथे थोडीच जमीन उरली. २०१६ मधे साउथ कॅरोलायनाने कायदा बदलला, आता बाकीच्या वारसांना तो हिस्सा आधी विकत घ्यायची संधी द्यावी लागते. आणि सेंट हेलेनावर काउंटीने १९९९ मधेच नियम केला की गेटेड कम्युनिटी नको, रिसॉर्ट नको, गोल्फ कोर्स नको. २०२३ मधे एका डेव्हलपरने तो नियम वाकवायचा प्रयत्न केला तेव्हा बेटावरचे लोक काउंटीच्या मीटिंगला गर्दी करून बसले आणि काउन्सिलने नाही म्हटलं. या बेटावरून जाताना रस्त्याकडेला साधी घरं, ट्रेलर, टोमॅटोची शेतं, अंगणात होड्या दिसतील, काहींना वाटेल इथे बघण्यासारखं काय आहे, तर हेच आहे, ही जमीन अजून त्यांच्याकडे आहे.

पेन सेंटरपासून लँड्स एंड रोडने थोडं पुढे गेलं की चॅपल ऑफ ईजचे अवशेष लागतात. साधारण १७४० मधे मळेवाल्यांसाठी बांधलेलं, १८८६ ला जंगलाच्या वणव्यात जळालं, आता नुसत्या चार भिंती, छप्पर नाही, आत गवत. भिंतीला हात लावून बघा. हे टॅबीचं बांधकाम आहे, कालवांची शिंपलं भाजून त्यांचा चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि पुन्हा अख्खी शिंपलं घालून लाकडी साच्यात ओतायचं, एक थर वाळला की दुसरा. भिंतभर शिंपलं तशीच दिसतात, काहींची कड अजून धारदार आहे, काही पावसाने झिजून मऊ पडलीत, आणि मधल्या फटींतून नेचा उगवलाय. आमच्या कोकणातही शिंपल्या भाजून चुना करायचे त्यामुळे आईने नखाने थोडं खरवडून बघितलं (मी लगेच हात मागे घेतला तिचा). ती शिंपलं गोळा करणं, भाजणं, कुटणं हे सगळं काम कोणी केलं ते सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी गावात. सुरुवात क्रेव्हन स्ट्रीटवरच्या जुन्या फायर स्टेशनपासून करा, तिथे रिकन्स्ट्रक्शन एरा नॅशनल हिस्टॉरिकल पार्कचं व्हिजिटर सेंटर आहे, फुकट आहे, रेंजर खूप मनापासून सांगतात. २०१७ च्या जानेवारीत ओबामांनी जाता जाता हे राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं आणि २०१९ मधे त्याचं पार्क झालं. सिव्हिल वॉरची रणांगणं देशभर जपलेली आहेत पण युद्धानंतरच्या काळासाठीचं पहिलं नॅशनल पार्क हेच.

रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट तिथे ऐका. १८३९ मधे ब्यूफर्टच्या प्रिन्स स्ट्रीटवरच्या एका बंगल्यामागच्या झोपडीत गुलाम म्हणून जन्म. युद्धाच्या वेळी चार्ल्सटनमधे साउथच्या सैन्याच्या 'प्लँटर' नावाच्या आगबोटीवर सुकाणू धरायचं काम. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले असताना याने आणि बाकीच्या गुलाम खलाशांनी बोट सुरू केली, दुसऱ्या धक्क्यावरून बायकामुलांना घेतलं, स्मॉल्सने कॅप्टनची गवती हॅट डोक्यावर चढवली आणि पहारेकऱ्यांना शिट्टीचे नेमके इशारे देत बोट एकेका किल्ल्यासमोरून नेली, फोर्ट समटरच्या तोफांसमोरूनसुद्धा. उत्तरेच्या जहाजांजवळ पोचल्यावर झेंडा उतरवून पांढरी चादर लावली. वय २३. बक्षिसाच्या पैशांतून त्याने प्रिन्स स्ट्रीटवरचा तोच बंगला लिलावात विकत घेतला ज्याच्या मागच्या झोपडीत तो जन्मला होता. पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमधे पाच वेळा निवडून गेला. जोतीराव 'गुलामगिरी' छापत होते त्या वर्षी हा माणूस साउथ कॅरोलायनाच्या सिनेटमधे बसत होता.

तो बंगला आजही आहे, खाजगी मालकीचा, बाहेरूनच बघायचा, लोकांच्या कुंपणात घुसू नका प्लीज. समाधी टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या अंगणात, बाजूला त्याचा अर्धपुतळा आणि त्यावर त्याचंच वाक्य कोरलंय, की माझ्या लोकांना कुठल्या खास संरक्षणाची गरज नाही, जगण्याच्या लढाईत फक्त समान संधी हवी. हे तो १८९५ मधे बोलला, राज्याची नवी घटना लिहून काळ्यांचा मताधिकार काढून घेत होते तेव्हा, त्यांच्या तोंडावर. त्याच अंगणात आता, स्वतः गुलामीतून निसटलेल्या हॅरिएट टबमनचाही मोठा पुतळा बसवलाय, २०२४ मधे. तिने १८६३ च्या जूनमधे इथूनच सैनिकांबरोबर बोटींनी काँबाही नदीवर जाऊन एका रात्रीत सातशेहून जास्त लोक सोडवून आणले होते. आई त्या पुतळ्याखाली बराच वेळ बसली, पाय दुखतायत म्हणाली, पण नंतर रात्री तिने मला स्वतःहून टबमनबद्दल विचारलं आणि बहिणीला व्हॉट्सॅपवर भलामोठा व्हॉइस मेसेज पाठवला.

मग घरं बघा, आता बघा. द पॉइंट नावाच्या भागात पायी फिरायचं, उंच जोत्यावरची लाकडी घरं, खाडीच्या वाऱ्याकडे तोंड केलेले दुमजली व्हरांडे, व्हरांड्यांची छतं फिकट निळी. तो निळा रंग भुतांना दूर ठेवतो अशी गल्ला लोकांची समजूत होती. ही घरं उभी राहिली कारण उत्तरेचं सैन्य युद्धभर इथे तळ देऊन होतं, हॉस्पिटलं आणि ऑफिसं या घरांतच होती, त्यामुळे जाळपोळ झाली नाही. टूर घेतलीत तर गाइडला विचारा की घर कोणी बांधलं, मालकाचं नाव सांगतील, मग पुन्हा विचारा. आमच्या गाइडबाईंनी दुसऱ्यांदा विचारल्यावर छान सांगितलं.

पोर्ट रॉयलला, म्हणजे दहा मिनिटांवर, कॅम्प सॅक्सटनची जागा आहे. १ जानेवारी १८६३ ला मुक्तीची घोषणा तिथे ओकच्या राईत हजारो लोकांपुढे वाचली गेली, आणि तिथल्या कर्नलने झेंडा हातात घेतल्याबरोबर गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने आपणहून देशाचं गाणं सुरू केलं, मग दोन बायका, मग सगळे. हा देश आपला आहे असं म्हणायची त्यांची ती पहिलीच वेळ. मला तिथे बोलता येईना, एवढंच लिहिते.

पोर्ट रॉयलमधेच सायप्रस वेटलँड्स आहे, गावाच्या मधोमध तळं आणि त्याभोवती लाकडी बोर्डवॉक, पार्किंग फुकट. मे महिना असल्यामुळे तळ्यातल्या छोट्या बेटावरच्या झाडांवर बगळ्यांची वसाहत भरलेली होती, पांढरे बगळे, आयबिस, पिल्लांचा कलकलाट इतका की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. खाली पाण्यात मगरी, म्हणजे ॲलिगेटर, पडलेल्या. लेक घाबरली की ही पिल्लं खातील. खातात, खाली पडलेलं एखादं, पण बगळे मुद्दाम ॲलिगेटरच्या वरच घरटी करतात कारण त्यांच्या भीतीने रकून पोहत येऊन अंडी चोरत नाहीत.

हंटिंग आयलंडला शेवटचा दिवस ठेवा आणि ओहोटीच्या आधी तासभर पोचा. स्टेट पार्क आहे, पाच मैल मोकळा किनारा, एकही हॉटेल नाही. समुद्र हे बेट दर वर्षी खातोय, वाळू सरकत जाते आणि काठचं जंगल पाण्यात येतं, पाम आणि ओक मरून उभेच राहतात नाहीतर आडवे होतात, खारं पाणी आणि उन्हाने पांढरेफटक, ओहोटीला त्यांच्या मधून चालता येतं. दीपगृहाचीही तीच गोष्ट. पहिलं १८५९ चं, युद्धात गेलं. दुसरं १८७५ मधे बांधताना शहाणपण केलं, ओतीव लोखंडाचे सुटे भाग बोल्टने जोडून मनोरा उभारला, वेळ आली तर हलवता येईल असा, आणि वेळ चौदा वर्षांतच आली. १८८९ मधे अख्खं दीपगृह उतरवून साधारण सव्वा मैल आत नेऊन पुन्हा उभं केलं. वर जायला १६७ पायऱ्या आहेत, आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं, जायच्या आधी पार्कच्या साइटवर बघून घ्या. या किनाऱ्याने वादळंही फार सोसलीत, २७ ऑगस्ट १८९३ च्या रात्री आलेल्या वादळात या बेटांवर दोन हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक सगळी गल्ला, आणि क्लारा बार्टनची रेड क्रॉस कित्येक महिने इथे मुक्काम करून होती. २०१६ च्या मॅथ्यू वादळाने पार्कचं इतकं नुकसान केलं की बरेच महिने बंदच होतं.

मे ते ऑगस्ट लॉगरहेड कासवं अंडी घालायला येतात, वाळूत काठ्या रोवून घरटी आखलेली दिसतील, त्यांच्या जवळ जायचं नाही आणि रात्री टॉर्च मारायचा नाही. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

मार्श बोर्डवॉक चुकवू नका, पार्कच्या खाडीकडच्या बाजूला आहे, लोक बीचवरूनच परत जातात. ओहोटीला कठड्यावरून वाकून खाली बघा, पहिली दोन मिनिटं नुसता चिखल दिसतो, मग तो हलायला लागतो. शेकडो फिडलर खेकडे, नखाएवढे, नराची एक नांगी इवलीशी आणि एक स्वतःच्या अंगाएवढी मोठी, ती वर उचलायची, जरा थांबायची आणि खाली, मादीला बोलवायला. लेकीने पाय आपटला तर क्षणात सगळे बिळांत, मग एकेक डोळा वर. आम्ही तासभर तिथेच होतो.

खाण्याचं म्हणाल तर फ्रॉगमोर स्ट्यू, कोळंबी, मका, बटाटा आणि सॉसेज एकत्र उकडलेलं, हे सेंट हेलेनावरच्या फ्रॉगमोर गावाचंच नाव, आणि रेड राइस, टोमॅटोतला मोकळा भात. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्या, रेड राइसमधे बहुतेक वेळा सॉसेज असतं आणि भाज्यांतही डुकराचं मांस घालतात. आम्ही किचन असलेलं घर घेतलं होतं, धक्क्यावरून डोक्यासकट ताजी कोळंबी आणली आणि आईने बॅगेतून आणलेली आमसुलं घालून तिखलं केलं, भाताबरोबर सगळ्यांनी ओरपलं.

बाकी दोन-चार कामाच्या गोष्टी. बारीक चावरे कीटक संध्याकाळी फार त्रास देतात, दिसतही नाहीत, लांब बाह्यांचे कपडे न्या. जुलै-ऑगस्टमधे वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नका, दमट उकाडा असह्य असतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले. हंटिंग आयलंडच्या कॅम्पसाइट महिनोन्‌महिने आधी भरतात. सेंट हेलेनावर रस्त्याकडेला टोमॅटो, भेंडी, उकडलेल्या शेंगा विकायला बसलेले लोक दिसले की थांबा आणि तिथूनच घ्या. भेंडी हा शब्द त्यांना कळत नाही पण ओक्रा म्हटलं की आणखी चार मुठी पिशवीत पडतात, निदान आईच्या पिशवीत तरी पडल्या.